ताप एकशे दोन आणि कॅपची शेवटची तारीख

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जिथं अडखळलो किंवा तेच पुन्हा बोललो ते काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग कोडिंगवर नाही, नोकरीवरही नाही. बारावी होऊन इंजिनिअरिंगच्या, फार्मसीच्या, कुठल्याही कोर्सच्या ॲडमिशनच्या रांगेत उभी असलेली पोरं-पोरी आणि त्यांच्या घरचे, यांच्यासाठी आहे. जे आधीच कॉलेजात आहेत त्यांच्यासाठीही शेवटी थोडं बोलणार आहे, तेव्हा तुम्हीही थांबा.

विषय असा, की आपल्याकडं दोन गोष्टी एकाच वेळी येतात. एक म्हणजे ॲडमिशन. सीईटी सेलची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, म्हणजे आपण ज्याला कॅप म्हणतो ती, साधारण जूनअखेरीला सुरू होते आणि राउंडवर राउंड करत ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत चालते. दुसरी म्हणजे फ्लू. थंड देशांत फ्लू हिवाळ्यात येतो. महाराष्ट्रात त्याचे दोन हंगाम असतात, एक पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, आणि दुसरा छोटा, थंडी सरताना. आता महिने जुळवून बघा. फॉर्म, कागदपत्रं, राउंड, रिपोर्टिंग, हॉस्टेलात सामान टाकणं, हे सगळं फ्लूच्या मोठ्या हंगामातच येतं.

आमच्याकडं तर तिसरी गोष्टही त्याच महिन्यांत असते. माझं गाव पिंपळगाव रेणुकाई, तालुका भोकरदन, जिल्हा जालना. गाव मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. हिरव्या मिरचीच्या दिवसांत पारध, वालसावंगी, धावडा अशा आजूबाजूच्या गावांतून माल येतो, परराज्यातले व्यापारी मुक्काम ठोकतात, रात्री उशिरापर्यंत गाड्या भरतात. घरातली सगळी माणसं कामात. पोराचा फॉर्म कुठवर आलाय हे विचारायला कुणाला वेळ नसतो, आणि पोराला ताप आलाय हेही संध्याकाळीच कळतं.

घडलेली गोष्ट

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. गावातल्या एका ओळखीच्या घरातली. नाव सांगत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. पोरगा हुशार, पर्सेंटाइल चांगला. दुसऱ्या राउंडला संभाजीनगरच्या एका कॉलेजात त्याला हवी असलेली शाखा मिळाली. अलॉटमेंट लागली तेव्हा सीट स्वीकारायला आणि कॉलेजात हजर व्हायला तीन दिवस होते.

पहिल्या दिवशी घरची मिरची बाजारात न्यायची होती. पोरगा म्हणाला, तीन दिवस आहेत की, उद्या बघू. संध्याकाळी अंग दुखायला लागलं, रात्री थंडी वाजून ताप आला. दुसऱ्या दिवशी ताप एकशे दोन. गावात एक सुई घेतली, ताप उतरला, चार तासांनी परत चढला. लॉगिनचा पासवर्ड त्याच्या एकट्याच्या डोक्यात. फॉर्म भरताना मोबाईल नंबर टाकला होता तो इंटरनेट कॅफेवाल्याचा, म्हणजे ओटीपी जाणार कॅफेवाल्याकडं. तो कॅफेवाला त्या दिवशी लग्नाला गेलेला. तिसऱ्या दिवशी सकाळी पोरगा तापातच उठला, कॅफेत जाऊन सीट स्वीकारली, फी भरली, मग एसटीनं भोकरदन आणि तिथून दुसऱ्या गाडीनं संभाजीनगर. पाऊस चालू, त्यामुळं खिडक्या बंद, गाडी खच्चून भरलेली. कॉलेजात संध्याकाळपर्यंत रांगेत उभा. वडलांनी फोनवर विचारलं होतं, आम्ही कागदपत्रं घेऊन येतो, तो आजारी आहे, चालेल का? उत्तर आलं, उमेदवार स्वतः लागेल. ॲडमिशन झालं. रात्री अकराला घरी आला आणि आजीच्या शेजारी, नेहमीच्या जागेवर झोपला.

तीन दिवसांनी आजीला ताप आला. वय सत्तरच्या पुढं, मधुमेह. दोन दिवस गावातच सलाईन लावली. तिसऱ्या रात्री दम लागला, बोलता येईना. तशीच संभाजीनगरला नेली. तपासणीत इन्फ्लुएन्झा निघाला. नऊ दिवस ऑक्सिजनवर होती. वाचली, आज ठीक आहे. पण पहिल्या वर्षाच्या फीसाठी मिरचीचे जे पैसे बाजूला ठेवले होते ते सगळे दवाखान्यात गेले आणि फीसाठी उसनवारी करावी लागली.

आजीला त्याच्यामुळंच लागण झाली का? छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही. बाजारात इतकी माणसं येतात-जातात. पण त्या पोराच्या मनातून ते जात नाही. त्यानं मला फोन करून विचारलं, "दादा, मी काय करायला पाहिजे होतं? सीट सोडून द्यायला पाहिजे होती का?"

आजचा सगळा भाग या एका प्रश्नाचं उत्तर आहे. माझं उत्तर सरळ आहे. सीट सोडायची नव्हती. पण सीट आणि आजी यांतलं एक निवडायची वेळ येऊ नये, एवढी तयारी आधी करता येते. ती कशी, ते बघू.

हा आजार नवा नाही

आधी थोडी माहिती. "फ्लू म्हणजे सर्दीच की" असं आपल्याकडं म्हणतात. पण आपल्याच जुन्या माणसांना या आजाराची वेगळी ओळख होती. १९१८ ला पहिल्या महायुद्धाच्या शेवटी जी जगभर साथ आली ती जहाजांतून मुंबईत उतरली आणि रेल्वेनं देशभर पसरली. मराठीत लोकांनी तिला नाव दिलं मानमोडी. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्या साथीत एकट्या हिंदुस्थानात एक कोटीच्या वर माणसं दगावल्याचा अंदाज आहे. आणि तो आजार म्हणजे इन्फ्लुएन्झाच.

मग २००९. स्वाइन फ्लू. ऑगस्ट २००९ च्या सुरुवातीला त्यानं देशातला पहिला बळी घेतला तो पुण्यात, एका शाळकरी मुलीचा. पुण्यात, मुंबईत शाळा-कॉलेजं काही दिवस बंद ठेवावी लागली. माझ्या वयाच्या लोकांना तोंडाला रुमाल बांधलेली पुण्यातली माणसं टीव्हीवर बघितलेली आठवत असतील. जागतिक आरोग्य संघटनेनं ऑगस्ट २०१० मध्ये ती महासाथ संपल्याचं जाहीर केलं. पण विषाणू कुठं गेला नाही. तोच एच-वन-एन-वन आता हंगामी फ्लू म्हणून दरवर्षी फिरतो. त्याच्या जोडीला एच-थ्री-एन-टू आणि इन्फ्लुएन्झा बी असतात.

साध्या सर्दीत नाक गळतं, घसा खवखवतो, पण माणूस हिंडता-फिरता असतो. फ्लूमध्ये ताप एकदम चढतो, अंग मोडून येतं, डोकं दुखतं, कोरडा खोकला येतो, आणि अंथरुणातून उठवत नाही. लागण झाल्यावर एक ते चार दिवसांत लक्षणं दिसतात. आणि आपल्या विषयासाठी सगळ्यात महत्त्वाचं हे, की लक्षणं दिसायच्या आधी एक दिवसापासून ते नंतर साधारण पाच ते सात दिवसांपर्यंत माणूस दुसऱ्याला आजार देऊ शकतो. त्यातही पहिले तीन-चार दिवस जास्त. म्हणजे "ताप आहे, पण उभा राहू शकतो, जाऊन येतो" असं आपण ज्या दिवशी म्हणतो, तोच दिवस इतरांसाठी सगळ्यात धोक्याचा.

ॲडमिशनची तयारी: सगळं एका खुंटीला टांगू नका

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडं कुठलीही सिस्टिम बांधताना पहिला प्रश्न असतो, यातली कुठली एक गोष्ट बंद पडली तर सगळंच बंद पडेल? एकच सर्व्हर असेल तर दुसरा ठेवतात. पासवर्ड एकाच माणसाकडं असेल तर दुसऱ्यालाही देऊन ठेवतात, कारण तो माणूस कधीतरी आजारी पडणारच. ॲडमिशनकडं याच नजरेनं बघा. त्या घरात सगळं एका पोराच्या तब्येतीवर टांगलेलं होतं. पासवर्ड त्याच्याकडं, कागदपत्रं कुठंयत ते त्यालाच माहीत, कॉलेजचा पत्ता त्याला, आणि ओटीपी भलत्याकडंच.

तर पहिली गोष्ट, मोबाईल नंबर आणि ईमेल. फॉर्ममध्ये नंबर घरातलाच टाका, ईमेल स्वतःचा टाका. कॅफेवाला म्हणतो, "माझा टाकतो, तुला कळवतो." त्याच्या मनात वाईट नसतं. त्याच्याकडं शंभर पोरांचे फॉर्म असतात. पण ओटीपी ज्याच्याकडं जातो, लॉगिन त्याच्या हातात असतं. त्यामुळं नाही म्हणायचं.

दुसरी, पासवर्ड घरातल्या दोन माणसांना माहीत हवा. ताई असेल, काका असेल, ज्याला मोबाईल नीट वापरता येतो असा कुणीही. एका वहीत अर्ज क्रमांक, लॉगिन, पासवर्ड लिहा आणि ती वही कपाटात ठेवा. तिचा फोटो काढून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका. घरातले दोघं पुरेत.

तिसरी, कागदपत्रं. भोकरदनच्या तहसीलला, सेतूत, आपले सरकार केंद्रात जूनच्या शेवटी जी गर्दी होते ती पाहिली असेल. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेयर, ज्याला जे लागू असेल ते, निकालाची वाट न बघता एप्रिल-मेमध्ये काढायला टाका. एक लक्षात असू द्या. नॉन-क्रिमीलेयरची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळं चालू शैक्षणिक वर्षाच्या अखेरपर्यंत वैध असलेलंच प्रमाणपत्र लागतं. जात वैधतेला सगळ्यात जास्त वेळ जातो, तो अर्ज अकरावी-बारावीतच टाकायचा असतो. एप्रिल-मेमध्ये काम केलं की गर्दीही टळते आणि गर्दीतला आजारही टळतो. सगळ्या कागदांच्या नीट वाचता येतील अशा पीडीएफ करा आणि दोन फोनमध्ये ठेवा.

चौथी, तपासणी. सुविधा केंद्रावर जाऊन कागदपत्रं तपासून घेता येतात, तशी घरबसल्या ई-स्क्रूटिनीही निवडता येते. कोविडच्या काळात ही सोय आली आणि ती राहिली. पीडीएफ नीट असतील तर ई-स्क्रूटिनी घ्या, एक हेलपाटा वाचतो. मात्र काही त्रुटी काढली तर ती लॉगिनमध्येच कळवतात, म्हणून रोज एकदा लॉगिन उघडून बघायचं. रोज, म्हणजे ताप असला तरी. आणि म्हणूनच पासवर्ड दोघांकडं.

पाचवी, पर्यायांची यादी. कुठलं कॉलेज वर, कुठलं खाली, हे फॉर्म उघडायच्या आधीच कागदावर लिहून काढा, कोडसकट. घरच्यांशी बोलून. मग समजा फॉर्म भरायच्या दिवशी तुम्हाला झोपून राहावं लागलं, तरी ताई त्या कागदावरून बघून भरू शकते. तापातल्या डोक्यानं प्राधान्यक्रम ठरवायचा नसतो. वरच्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की सीट आपोआप पक्की होते, असा नियम आहे. कुठल्या राउंडला वरचे किती पर्याय, ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचा. घाईत भलतं कॉलेज पहिल्या नंबरवर गेलं तर परत फिरता येत नाही.

सहावी, आणि सगळ्यात मोठी. तीन दिवसांची मुदत असली तर तुमची मुदत पहिला दिवस. अलॉटमेंट लागली त्याच संध्याकाळी लॉगिनमधून सीट स्वीकारायची, फी भरायची. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं कॉलेज. शेवटचा दिवस राखीव ठेवायचा. पाऊस, नदी-नाल्याला पूर, सर्व्हर बंद, एसटी बंद आणि ताप, या पाचांसाठी. त्या पोराला पहिल्या दिवशी ताप नव्हता. संध्याकाळी आला. एक दिवस मिरची शेजारच्यांच्या गाडीत गेली असती तर पुढचं काहीच झालं नसतं. मी त्याला दोष देत नाहीये. घरातल्या मोठ्या माणसांना सांगतोय, की अलॉटमेंटचा दिवस हा पेरणीच्या दिवसासारखा धरा. त्या दिवशी पोराला दुसरं काम सांगू नका.

आणि ताप आलाच तर

एवढं करूनही ताप येऊ शकतो. तेव्हा काय?

मी डॉक्टर नाही. सांगतोय ते सरकारी सूचनांमधलं आणि डॉक्टर मित्रांकडून खात्री करून घेतलेलं. औषध डॉक्टरांना विचारूनच घ्या.

तरुण, धडधाकट माणसाचा फ्लू बहुतेक वेळा आराम, भरपूर पाणी आणि तापासाठी पॅरासिटामॉल एवढ्यावर बरा होतो. ॲस्पिरिन, ब्रुफेन वगैरे स्वतःच्या मनानं घेऊ नका. पावसाळ्यात डेंग्यूही असतो, सुरुवातीला दोन्ही सारखेच दिसतात, आणि डेंग्यूत या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. अँटिबायोटिक फ्लूवर चालत नाही, कारण हा विषाणू आहे, जिवाणू नाही. आणि सलाईन. आपल्याकडं सलाईन लावली की उपचार झाला असं वाटतं. तोंडानं पाणी, पेज, ताक जातंय त्याला सलाईनची गरज नसते. सलाईननं फ्लू बरा होत नाही, दोन दिवस मात्र जातात. आजीचे दोन दिवस तसेच गेले.

ते दोन दिवस का महत्त्वाचे, ते सांगतो. फ्लूवर ऑसेल्टामिविर नावाचं औषध आहे, टॅमिफ्लू म्हणून ऐकलं असेल. ते लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केलं तर सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. प्रत्येकाला ते लागत नाही. पण वय पासष्टच्या वर, मधुमेह, दमा, हृदयाचा किंवा किडनीचा आजार, गरोदर बाई, पाच वर्षांखालचं मूल, यांच्यापैकी कुणाला फ्लूसारखा ताप आला तर वाट न बघता पहिल्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा भोकरदनच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवायचं. आणि तोंडानं सांगायचं, "घरात आणखी एकाला असाच ताप येऊन गेलाय." हे एक वाक्य डॉक्टरला फार उपयोगी पडतं. कॅपची मुदत असते तशी या औषधालाही मुदत आहे असं समजा.

धोक्याच्या खुणा पाठ करा. दम लागणं, छातीत दुखणं, ओठ किंवा नखं निळसर पडणं, थुंकीतून रक्त, गुंगी येणं, बडबडणं, आणि ताप उतरून बरं वाटल्यावर पुन्हा जोरात ताप-खोकला सुरू होणं. यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा आणि मोठ्या दवाखान्यात न्या. तरुण असलात तरी. मोठ्या दवाखान्यात गेल्यावर महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र कुठं बसतो ते विचारा, आपला आजार, आपलं रेशनकार्ड त्यात बसतं का ते पहिल्याच दिवशी बघून घ्या. पैसे भरून झाल्यावर विचारून उपयोग नसतो.

आता समजा ताप आहे, दम वगैरे नाही, आणि आज शेवटचा दिवस आहे. आधी कॉलेजच्या प्रवेश विभागाला फोन करा. मुदतीत दुसरा दिवस शिल्लक आहे का, नातेवाइकाला कागद घेऊन पाठवलं तर चालेल का, नसेल तर आजारी उमेदवाराला रांगेत न थांबवता घ्याल का. काही ठिकाणी ऐकतात. नाहीच ऐकलं आणि जावंच लागलं तर नीट बसणारा मास्क लावा, नाक झाकून. शक्य असेल तर एसटीऐवजी कुणाची तरी गाडी, काचा खाली करून. सोबत एक धडधाकट माणूस. रांगेत सोबतच्याला उभं करा आणि तुम्ही बाहेर मोकळ्या हवेत बसा, नंबर आला की आत जा. पाण्याची बाटली, पुढच्या डोसची गोळी जवळ ठेवा. घरी आल्यावर वेगळं झोपा. एक खोली असेल तर ओट्यावर, पडवीत, पण आजी-आजोबांपासून आणि लहान बाळापासून लांब. पाच दिवस ताट-पेला वेगळा, हात साबणानं धुवायचे, खोकताना कोपरात तोंड. हे कोविडमध्ये सगळ्यांनी केलंय, नवं काहीच नाही.

लसीबद्दल दरवर्षी विचारतात. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू बदलत राहतो आणि लसही त्याप्रमाणे बदलतात. घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून आपल्याकडं पावसाळ्याच्या आधी, मे-जूनमध्ये घेतलेली बरी. लस घेतली म्हणजे फ्लू होणारच नाही असं नाही, पण आजार गंभीर होण्याची शक्यता कमी होते. पैसे एकाच लसीपुरते असतील तर माझं मत, ती घरातल्या मधुमेही आजीला द्या. तरी डॉक्टरांना विचारा.

कॉलेजात गेल्यावर: पंचाहत्तर टक्क्यांचं गणित

आता जे कॉलेजात पोचलेत त्यांच्यासाठी. हॉस्टेलात एका खोलीत तीन-चार जण, मेसमध्ये एकच रांग, वर्गात साठ-सत्तर पोरं. एकाला फ्लू झाला की आठवड्यात मजला खोकतो. आमच्याही हॉस्टेलात दर ऑगस्टला हेच व्हायचं. आणि तरीही तापातली पोरं लेक्चरला येऊन बसायची. कारण एकच, ७५ टक्के हजेरी. नाही भरली तर परीक्षेला बसू देत नाहीत, ही भीती.

त्या भीतीचं गणित करून बघू. एका विषयाला आठवड्याला चार लेक्चर, सेमिस्टर पंधरा आठवड्यांचं, म्हणजे साठ लेक्चर. पंचाहत्तर टक्के म्हणजे पंचेचाळीस. म्हणजे पंधरा लेक्चर बुडाली तरी तुम्ही काठावर पास. फ्लूनं कामाचे पाच दिवस घरी ठेवलं तर त्या विषयाची चार लेक्चर गेली. साठातली चार म्हणजे सात टक्क्यांच्या आत. बाकी सगळी केली तर हजेरी त्र्याण्णव टक्के. म्हणजे फ्लूमुळं कुणी डिटेन होत नाही. आधीच अकरा-बारा लेक्चर टपरीवर आणि सिनेमाला घालवलेली असतात, तेव्हा फ्लूचे चार दिवस जड जातात. ते पंचवीस टक्के म्हणजे तुमची आजारपणाची रजा आहे. पहिल्या महिन्यात उडवू नका, ऑगस्ट-सप्टेंबरसाठी ठेवा.

प्रॅक्टिकलचं गणित वेगळं. ते आठवड्यातून एकदाच असतं. ते बुडलं तर बरं झाल्यावर त्याच आठवड्यात दुसऱ्या बॅचबरोबर करू का असं सरांना विचारा. बहुतेक सर हो म्हणतात, पण विचारावं आपणच लागतं. आजारी पडलात त्याच दिवशी वर्गशिक्षकांना मेसेज करा, बरे झाल्यावर नाही. डॉक्टरांचा कागद, औषधाची चिठ्ठी, तारखेसकट जपून ठेवा.

रजिस्ट्रेशनचंही तेच. ऑटोनॉमस कॉलेजांत दर सेमिस्टरला विषय निवडायचे, ओपन इलेक्टिव्ह घ्यायचं, परीक्षा फॉर्म भरायचा. काही इलेक्टिव्हला जागा मोजक्याच असतात, पोर्टल उघडल्या उघडल्या भरतात. तापात झोपून राहिलात तर उरलेलं इलेक्टिव्ह गळ्यात पडतं. तेव्हा घरी केलेलंच इथं करा. हवेत ते दोन-तीन पर्याय कागदावर, फॉर्मची तारीख भिंतीवर, आणि एका भरवशाच्या मित्राशी करार, की तुझा ताप तर तुझा फॉर्म मी तुझ्यासमोर बसून भरीन, माझा ताप तर तू. खोलीत ताप आलेल्याचं ताट मेसमधून आणून द्यायचं, नोट्सचे फोटो पाठवायचे. एवढं केलं तर तो निवांत झोपेल आणि बाकीचेही वाचतील.

शेवटचं, मोठ्यांसाठी

कॉलेजात, सुविधा केंद्रावर, प्रवेश विभागात काम करणारं कुणी ऐकत असेल तर हात जोडून एक विनंती. प्रवेशाच्या दिवशी आजारी उमेदवारासाठी एक वेगळी खिडकी ठेवा, किंवा निदान व्हरांड्यात एक खुर्ची. "आजारी असाल तर आधी सांगा, तुम्हाला आधी घेऊ" एवढी पाटी लावा. खर्च शून्य आहे. तुमच्याच कर्मचाऱ्यांच्या घरीही आजी-आजोबा आहेत. आणि हजेरीत आजारपणाचे दिवस कसे धरणार, हे पहिल्या आठवड्यातच पोरांना लेखी सांगा. नियम माहीत असला की पोरगं तापात वर्गात येत नाही.

त्या पोराबद्दल विचाराल तर तो आता तिसऱ्या वर्षाला जाईल. उसने घेतलेले पैसे बहुतेक फिटलेत. गेल्या हंगामात गावातल्या सात-आठ पोरा-पोरींच्या फॉर्मवर तोच लक्ष ठेवून होता. नंबर घरचा टाकलाय का, हे आधी विचारतो. अलॉटमेंटच्या संध्याकाळी सगळ्यांना फोन करतो आणि म्हणतो, "आज रात्री सीट स्वीकारल्याशिवाय जेवायचं नाही." त्यातल्या एका मुलीला रिपोर्टिंगच्या काळात खरंच ताप आला, पण तोपर्यंत ती कॉलेजात जाऊन आलेली होती. घरी झोपून राहिली, पाच दिवसांत बरी झाली.

हा भाग तुमच्या गावातल्या बारावीच्या पोरांपर्यंत पोचवा, आणि त्यांच्या आई-वडलांपर्यंतही. काही प्रश्न असतील तर लिहून कळवा, वाचतो मी सगळे. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि वही कपाटात ठेवलीय का ते आजच बघा. नमस्कार.